डावी चार, उजवी तीन

मेंढखिंड वस्ती, दौलताबादजवळ
गुरुवार, ५ जून

प्रिय प्रेरणा,

तुझा मेसेज मिळाला. "समितीसमोर एवढंच सांग की कॅमेरे शेवटपर्यंत जोडीनंच लावलेले होते. बाकी मी बघते." दोन वाक्यं आणि शेवटी हात जोडल्याची खूण. दोन वर्षांत तू मला काही लिहिलं नव्हतंस, आणि लिहिलंस ते हे. कशी आहेस असं विचारून सुरुवात करणार होतो, पण तू मला विचारलं नाहीस, तेव्हा मीही राहू देतो. बघ, पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात भांडायला लागलो.

आज पर्यावरण दिन आहे म्हणे. वाळूजला आमच्या कंपनीच्या गेटवर सकाळी प्रत्येकाच्या हातात एकेक रोप दिलं, ओळीत उभं करून फोटो काढला आणि रोपं परत गोळा केली, कारण दुसऱ्या शिफ्टच्या फोटोला तीच लागणार होती. मला हसू आलं आणि लगेच तुझी आठवण झाली. असल्या गोष्टींवर तू माझ्यापेक्षा मोठ्यानं हसायचीस. मग दिवसभर पॅकिंगच्या टेबलाशी उभा राहून तुझ्याशी मनातल्या मनात बोलत होतो, ते आता कागदावर उतरवतोय. अक्षर वाईट आहे, पण तुला सवय आहे. माझे तक्ते तूच वाचायचीस.

सोमवारी नऊ तारखेला ती तीन माणसांची समिती येतेय. नव्या वळणरस्त्याखालून मेंढखिंडीत जनावरांसाठी भुयारी वाट ठेवायची की नाही, हे ते ठरवणार. पहिल्या आराखड्यात ती वाट होती. मग तुझा अहवाल आला. खिंडीत चार तरसं, डोंगराच्या पलीकडं तळ्याच्या वाटेला तीन, एकूण सात, दोन वेगळे गट. खिंड बंद झाली तरी तळ्याकडच्या गटाला धक्का नाही. एवढ्या एका वाक्यावर कुणीतरी भुयारी वाटेवर काट मारली. आता वस्तीनं आणि शहरातल्या एक-दोन वकिलांनी हरकत घेतली म्हणून पुन्हा विचारणा होतेय की हे सात खरे का. तुला भीती वाटतेय आणि ती रास्त आहे. सात खोटे ठरले तर तुझी पीएच.डी. अडचणीत येते. सात खरे ठरले तर खिंड जाते. आणि विचारणार कुणाला, तर मला, ज्याचं नाव तुझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर जीपच्या ड्रायव्हरनंतर आलं, तेही आडनावाशिवाय.

चार वर्षं होतील या दिवाळीला. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो, आबा म्हणजे माझे वडील मुंजाबा रोज विचारायचे की त्या कागदाचं काय लोणचं घालायचं का. तू जिथून संशोधन करत होतीस त्या संस्थेनं मला फील्ड टेक्निशियन म्हणून घेतलं. पद ऐकायला झकास होतं. काम म्हणजे रोज आठ-दहा किलोमीटर पायी, कॅमेरे झाडाला बांधायचे, सेल बदलायचे, कार्डं काढायची, विष्ठा पिशवीत भरून वर तारीख घालायची, आणि काही दिसलं नाही तर "काही दिसलं नाही" हेसुद्धा लिहायचं. हे शेवटचं मला तू शिकवलंस. मला ते फार आवडलं होतं. न दिसण्याचीही नोंद ठेवणारी माणसं प्रामाणिक असणार, असं मी धरून चाललो.

शहराच्या कडेला कोण जगतं, हा आपला विषय. तरसं दिवसा वरच्या कपारीत आणि अंधार पडला की खिंडीतून खाली, जिथं कोंबडीवाले पिसं-आतडी टाकतात आणि लोक मेलेली जनावरं आणून टाकतात तिथं. शहराच्या शेवटच्या कॉलनीतल्या गच्चीवरून दिसेल इतकी जवळ ती जागा, आणि त्या कॉलनीत एकालाही पत्ता नव्हता. आमच्या वस्तीला मात्र सगळं माहीत. आमच्याकडं तडस म्हणतात. त्यानं आमचं फार काही बिघडवलं नाही, मेलेलं खातं, रस्ता साफ ठेवतं. तू पहिल्यांदा आबांना विचारलंस की इथं किती तरसं असतील, तेव्हा आबा म्हणाले होते, "मोजत्यात का कुठं? वळखायचं अस्तंय." तू ते वाक्य वहीत लिहून घेतलंस आणि खाली रेघ ओढलीस. नंतर ती वही कुठं गेली कोण जाणे.

आबांचं खरंच आहे. आमच्या घरात मेंढरं मोजत नाहीत. संध्याकाळी आबा वाडग्याच्या तोंडाशी उभे राहतात आणि शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणतात, भुंडी आली नाही. आता कळप उरला आहे मूठभर, पण किती असं विचारलं तर अजूनही नावंच सांगतात. मी त्या घरातला, आणि मला मोजायला तू शिकवलंस. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा, गुडघ्याच्या उंचीवर. जनावर मधून गेलं की एकाच वेळी त्याची डावी बाजूही मिळते आणि उजवीही. तरसाचे पट्टे डावीकडं वेगळे, उजवीकडं वेगळे, त्यामुळं जोडी असेल तरच कळतं की ही डावी आणि ही उजवी एकाच जनावराची. जोडी नसेल तर एकच बाजू मोजायची आणि दुसरी सोडून द्यायची, नाहीतर एक जनावर दोनदा मोजलं जातं. खिंडीतल्या धुळीत काटकीनं तरस काढून तू हे समजावलंस. तुझं तरस गाढवासारखं दिसत होतं, हे तेव्हा बोललो नव्हतो.

ते दिवस चांगले होते, हे नाकारत नाही. तू डब्यातली पोळी मला द्यायचीस आणि माझी भाकरी घ्यायचीस, आणि म्हणायचीस की वैजापूरला घरी भाकरी होते पण स्वयंपाकीणबाई करते, तिला अशी येत नाही. लोकांसमोर मी अजिनाथ असायचो आणि डोंगरावर अजू. मला हा फरक तेव्हा गोड वाटायचा. आपलं काहीतरी झाकून ठेवलेलं आहे, असं वाटायचं. आज वाटतं, झाकून तूच ठेवत होतीस.

मार्चमधली एक गोष्ट तुला आठवत असेल, मला तर विसरता येत नाही. तू पहिल्यांदा आमच्या वस्तीवर जेवायला आलीस. दगडाबाई काकूनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, तुझ्यासाठी पिठलं केलं, तुला लुगड्याच्या पदरानं वारा घातला. जेवण झाल्यावर तू मला बाजूला घेऊन हळूच विचारलंस, बाथरूम कुठं आहे. आमच्या वस्तीवर सरकारी अनुदानाचे संडास आहेत. भिंतीवर लाभार्थ्याचं नाव रंगवलेलं आहे. पाणी कधी आलंच नाही, म्हणून आत कडबा असतो आणि पावसाळ्यात शेळीची करडं. मी तुला म्हणालो, कुलूप आहे, किल्ली काकूकडं असते आणि काकू गावात गेलीय. काकू तुझ्या समोर चुलीपाशी बसली होती. तू एकदा तिच्याकडं पाहिलंस, एकदा माझ्याकडं. मग मी तुला गाडीवर बसवून चार किलोमीटर पेट्रोल पंपावर घेऊन गेलो. मला वाटलं, जमीन दुभंगावी. तुझ्या घरात पाहुण्यांसाठी वेगळी न्हाणी आणि माझ्या घरातल्या बायका पहाटे डबा घेऊन ओहोळाकडं. हे तुला कळू नये, यासाठी मी काहीही केलं असतं. आणि केलंच.

पुढच्याच महिन्यात मेंढखिंडीत कॅमेऱ्यांच्या तीन जोड्या बांधल्या आणि आठवड्याभरात पहिलं कार्ड तपासत होतो, तरस अजून एकही आलं नव्हतं. उजवीकडचे तिन्ही कॅमेरे वाटेपलीकडच्या खोलगटाकडं तोंड करून होते, आणि तो खोलगट म्हणजे वस्तीतल्या बायकांची बाहेरची जागा. हे मला आधीच सुचायला हवं होतं, मी तिथलाच आहे. पण पुरुषांनी तिकडं बघायचं नसतं, आणि बघायचं नाही म्हटल्यावर ती जागा डोक्यातूनच जाते. कार्डात माझ्या चुलतभावाची बायको होती, हातात टमरेल, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, चेहरा स्पष्ट. मागं आणखी तिघी. मी ते फोटो पुसले. दुसऱ्या दिवशी काकू आली. "व्हय रे अजिनाथ, त्या झाडावरच्या डब्यात आमचे फोटू निघत्यात म्हनं? सून चार दिस झाले बाहिर जाईना, पोट धरून बसती. आम्ही जावं तरी कुठं, सांग बरं." मग म्हणाली, त्या मॅडमला सांग, बाईमाणूस आहे. मी हो म्हणालो.

आणि तुला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? की किल्ली काकूकडं नव्हती, कुलूपच नव्हतं? मी त्या दिवशी दुपारी तिन्ही उजवे कॅमेरे सोडले आणि दोन किलोमीटरवर तळ्याच्या वाटेला नेऊन बांधले. तुला म्हणालो, संस्थेतले जुने पडलेले कॅमेरे होते, दुरुस्त केले, बघू तिकडं काही मिळतं का. तू खूश झालीस, पाठ थोपटलीस. मेंढखिंडीच्या तक्त्यात मी "दोन्ही चालू" लिहीत राहिलो, सप्टेंबर उजाडेपर्यंत. एकदा तू विचारलंस की खिंडीत उजव्या बाजूचा एकही फोटो कसा नाही. मी म्हणालो, उजवे अडकतात, कॅमेऱ्यातच दोष आहे. तू म्हणालीस, "असू दे, सरांना बोलू नकोस, उगाच सगळं पुन्हा करायला लावतील." तेव्हा जोडी नव्हती हे तुला ठाऊक होतं, प्रेरणा. का नव्हती ते ठाऊक नव्हतं, तेवढाच फरक. माझं खोटं मी कबूल करतो, पण त्या दिवसापासून ते आपल्या दोघांचं झालं.

सप्टेंबरात तुझ्या खोलीत टेबलावर सगळे फोटो पसरले होते. खिंडीतली डावी चार. तळ्याकडची उजवी तीन. मी तुला दाखवलं की डावी-दोन आणि उजवी-एक ही एकच म्हातारी मादी आहे, तिचा कान फाटलेला आहे आणि मागचा पाय ओढत चालते. तू म्हणालीस, कान भांडणात कुणाचाही फाटतो. मी म्हणालो, ही तरसं खाली उतरताना खिंडीतून जातात, खातात, तळ्यावर पाणी पितात आणि तळ्याच्या वाटेनं वर चढतात, आमची मेंढरंसुद्धा तसंच फिरतात. म्हणून इथं डावी मिळते आणि तिथं उजवी. दोन गट नाहीत. चारच आहेत. तू म्हणालीस, "तुला वाटतं म्हणून लिहिता येत नाही, अजू." मी म्हणालो, मग तुझाच नियम लाव, एकच बाजू मोज. तू स्क्रीनकडं बघत म्हणालीस, "चार जनावरांवर पीएच.डी. होत नाही."

मी तेव्हा कॅमेऱ्यांचं सांगितलं असतं तर तुझ्याकडं बोलायला काही उरलं नसतं. जिभेवर आलं होतं. पण खोलीत तुझा तो परफ्यूमचा वास होता, खिडकीत त्याचीच नवी बाटली, आणि मी मूग गिळून बसलो. घरी येऊन डायरीत एवढंच लिहिलं, "आज सांगितलं. चार." तारीख आहे त्यावर. हल्ली रोज ते पान उघडून बघतो.

प्रबंध झाला, अहवाल गेला, आणि तुझा सत्कार ठरला. तू म्हणालीस, वैजापूरला ये, तात्यांशी तुझी ओळख करून द्यायचीय. आता हे वाक्य तू कशा अर्थानं म्हणालीस हे तुझं तुला माहीत. मी माझ्या अर्थानं ऐकलं. नवा शर्ट शिवला. आबांनी विचारलं, पोरगी बघायला चाललास का, तर मी लाजलो, इतका मी मूर्ख. मंगल कार्यालयाच्या दारात तुझे वडील तात्यासाहेब उभे होते, तू माझं नाव सांगितलंस आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकून पाहुण्यांना सांगितलं, "हा आमच्या प्रेरणाचा वाटाड्या. धनगराचं पोरगं हाय, पन लई कामाचं. डोंगर सगळा पाठ हाय त्याला." पाहुणे हसले, कौतुकानंच हसले. पहिली पंगत त्यांची झाली. दुसरीला ड्रायव्हर, मंडपवाले आणि मी. तू स्टेजवरून बघत होतीस. आपली नजरानजर झाली आणि तू शालीचं टोक सारखं करायला लागलीस. तात्यासाहेबांचा मला राग आला नाही, त्यांच्या परीनं त्यांनी चांगलंच म्हटलं होतं. तुझा आला. एवढंच म्हणायचं होतं, हा माझा मित्र आहे. मी त्याच्याहून जास्त काही मागितलं नसतं. खोटं कशाला बोलू, मागितलं असतं, पण त्या दिवशी नाही.

त्यानंतर प्रकल्प संपला आणि मी वाळूजला लागलो. इथली खिंड आता तू ओळखणार नाहीस. रोज दुपारी एक वाजता सुरुंग उडतो, आबा त्याच्या आधी मेंढरांना घेऊन खाली उतरतात, कान बांधल्यासारखी ती गुमान उभी राहतात. डंपरची रांग वस्तीला खेटून जाते. अंगणात कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही.

फेब्रुवारीत पहिल्या शिफ्टच्या बसमधून जाताना मला ती म्हातारी मादी रस्त्याच्या कडेला पडलेली दिसली. बस थांबवा म्हणालो नाही. थांबवलीही नसती, आणि हजेरी गेली असती. आठ तास पॅकिंग केलं आणि परत येताना फाट्यावर उतरून चालत गेलो. डंपरवाला म्हणाला, "मोठं कुत्रं हाय, काय बघता." उजव्या कुशीवर पडली होती, डावी बाजू वर. फाटका कान धुळीनं भरलेला. मी डाव्या बाजूचा फोटो काढला. मग पाय धरून तिला उलटी केली. वजन लागलं, अंग ताठ झालं होतं. उजव्या बाजूचा काढला. सगळ्या खटाटोपात पहिल्यांदा मला तिच्या दोन्ही बाजू एकदम मिळाल्या, आणि मला रडू फुटलं. रस्त्याच्या कडेला डंपरच्या धुळीत बसून मी मोठ्यानं रडलो, आणि कशासाठी ते आजही नीट सांगता येणार नाही. तिच्यासाठी होतं, हे तर आहेच.

घरी जुने फोटो काढून जमिनीवर जुळवले. डावी-दोन आणि उजवी-एक. पट्ट्याला पट्टा लागला. आबा हात धुऊन येत होते, वरूनच बघितलं आणि म्हणाले, "कानफाटी हाय ही. एकीचेच दोन-दोन फोटू कशाला?" पुढं गेले, टॉवेल शोधायला लागले. आपण ज्याच्यावर महिनोन् महिने वाद घातला ते त्यांनी चालता चालता सांगून टाकलं. मी ते चारही फोटो तुला पाठवले. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मे महिन्यात नर मेला, त्याच जागी, तसाच. डावी-एक, उजवी-दोन. तेही पाठवले. पुन्हा निळ्या खुणा. म्हणजे सातातली चार नावं दोनच जनावरांची होती, हे तुला एकीचं फेब्रुवारीपासून आणि दुसऱ्याचं मेपासून माहीत आहे, आणि तरी परवा तू मला लिहितेस, जोडीनंच होते म्हणून सांग. तुझ्या हिशोबानं अजून पाच उरली असतील. माझ्या ओळखीत दोन आहेत, एक जवान मादी आणि एक पिल्लू, जे आता पिल्लू राहिलं नाही. त्यांना खिंडीतूनच उतरावं लागतं. दुसरी वाट नाही. ज्या वाटेला तू दुसरा गट राहतो म्हणालीस, ती यांच्या घरी परतायची वाट आहे.

मागच्या रविवारी काकूला विचारलं. समितीसमोर कॅमेऱ्यांचं सांगायचं तर बायकांच्या जागेचं सांगावं लागणार, सगळ्या पुरुषमाणसांत, वकिलांसमोर. मी मान खाली घालून विचारत होतो आणि ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "सांग की. त्यात काय लपवायचं? आम्हाला पानी दिलं नाय ही आमची लाज व्हय रे? ज्यांनी दिलं नाय त्यांनी लाजावं." मग हात थांबवून माझ्याकडं बघितलं. "अन् तू एवढी वर्सं त्या पोरीला बोललाच नाय? आरं, तिला कळलं असतं. बाईला बाईचं कळतंय." मी तिच्याबरोबर शेंगा निवडायला बसलो. मी ज्यांची लाज झाकली त्यांना ती नव्हतीच. माझी होती, ती पण तुझ्यापुढची. तू वाटाड्या शब्दावर गप्प बसलीस म्हणून मी दोन वर्षं तुझ्यावर दात धरून आहे, आणि मी स्वतःच्या घराबद्दल तुझ्यापेक्षा जास्त गप्प बसलो होतो. याचा राग कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढतोय.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. सोमवारी अकरा वाजता सुनावणी आहे. यादीत तुझं नाव आधी आणि माझं नंतर. मी काय सांगणार ते ठरलंय. उजवे कॅमेरे मी काढले, तक्त्यात खोटं मी लिहिलं आणि का लिहिलं, तेही. त्यानंतर मला कुठली संस्था डोंगरावर पाठवणार नाही, वाळूजची पॅकिंगच जन्माची, ते मी धरून चाललोय. पण सप्टेंबरातल्या त्या दुपारी मी तुला चार सांगितले होते, आणि फेब्रुवारीत फोटो पाठवले होते, हे तू तुझ्या तोंडून सांगायचं की मी माझ्या, एवढं तुझ्या हातात ठेवतोय. तू आधी उठून म्हणालीस की मोजणी चुकली, चार होती, आता दोन आहेत, तर मी माझ्या चुकीपुरतं बोलेन आणि खाली बसेन. तू सात म्हणालीस तर डायरी आणि फोटो टेबलावर ठेवीन, मग तुझं काय होईल ते बघायला मी थांबणार नाही. परवापासून तू फोन करतेयस आणि मी उचलत नाहीये, तो रागानं नाही. उचलला आणि तुझा आवाज ऐकला तर सोमवारी मी सात म्हणून मोकळा होईन, इतका मी अजून तुझ्या बाजूचा आहे. म्हणून हे लिहून उद्या शिफ्टला जाताना तुझ्या कॉलेजच्या गेटवर देणार आहे. वाचून झालं की मला फोन करू नकोस. सोमवारी ये आणि आधी तू बोल.

रागासकट तुझाच,
अजिनाथ